गादीवाफ्यात भरायची माती: मागच्या वर्षी फसलो, यंदा काय करू?

बिनकुंडीचा

मंडळी, आधी रडगाणं ऐका मग सल्ले द्या.

पुण्यात तळमजल्यावर फ्लॅट आहे. मागे बिल्डरनं 'प्रायव्हेट गार्डन' म्हणून जी जागा दिलीय ती म्हणजे खाली राडारोडा आणि वर हातभर लॉनची चादर, कुदळ मारली की विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, एकदा तर अख्खी चप्पल निघाली. म्हणून खणायचा नाद सोडला आणि जमिनीच्या वरच विटांचे दोन वाफे बांधून घेतले, ८ बाय ३ फूट, उंची दीड फूट. तळ उघडाच ठेवलाय, कोबा केलेला नाही.

मागच्या मे महिन्यात त्यातला एक भरला. एकाकडून 'बागेची काळी माती, शेणखत मिक्स करून' असं सांगून एक छोटा हत्ती भरून माती आली. दिसायला झकास, काळीभोर. जुलैत पाणी तुंबलं ते चार चार दिवस हलेना, मिरचीची रोपं उभ्या उभ्या गेली. थंडीत टोमॅटो लावले ते बरे आले म्हणून जरा आशा वाटली, तर मार्चपासून माती अशी तडकली की भेगेत करंगळी जाते. पोराची पेन्सिल आत पडली ती अजून आतच आहे. आणि काल उकरायला घेतलं तर पांढऱ्या, जाड, वाटोळ्या वळलेल्या अळ्या. एक दोन नाही, घमेल्यात मूठभर जमल्या.

आता दुसरा वाफा रिकामा आहे आणि पहिला उपसायचाय. पावसाळ्याआधी दोन्ही नीट भरायचेत. काय काय आणू, किती आणू? आणि ही माती फेकून देऊ का? बायको म्हणते भाजी विकत आण, स्वस्त पडेल. तिचं चूक नाही.

रानातला_राघू

भाऊ फेकू नका हो. काळ्या मातीला शिव्या घालायचं काम नाही, आमच्या बार्शीकडं ह्याच मातीत पाऊस गेल्यावर ज्वारी पेरतो आन नुसत्या ओलीवर ज्वारी पदरात पडती. ती पाणी धरून ठेवती हाच तिचा गुण, तुमच्या वाफ्यात तोच अवगुण झाला एवढंच. तिच्यातली चिकणमाती भिजली की फुगती आन वाळली की आकसती, म्हणून भेगा. रानात त्या भेगांनी फायदा होतो, वरची माती खाली पडती, आपोआप उलटापालट होती. तुमच्या दीड फुटाच्या पेटीत ती करमणार नाही.

एक काम करा. काचेच्या बरणीत एक तृतीयांश ही माती घ्या, वर पाणी, चिमूटभर भांडी घासायची पावडर, झाकण लावून दोन मिनिटं जोरात हलवा आन खिडकीत ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात खाली बसती, पोयटा (गाळाची बारीक माती) दोन चार तासात, आन चिकणमाती दुसऱ्या तिसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवती. तिन्ही थर पट्टीनं मोजा. मग बोलू.

आन वाळू मिसळा म्हणून कोण सांगंल तर ऐकू नका. काळ्या मातीत थोडी वाळू म्हंजे वीट पाडायचं सामान.

मीनल_कु

धागा फॉलो करतेय. मला गच्चीवर असेच विटांचे वाफे करायचेत, सेम साइज. माझा प्रश्न फक्त एवढाच की तळाला खडी टाकायची ना? निचऱ्यासाठी?

बिनकुंडीचा

@राघू बरणी ठेवली. चोवीस तास झाले, पाणी अजून चहासारखं आहे. खाली बसलेला वाळूचा थर बोटाच्या पेराएवढासुद्धा नाही. म्हणजे निकाल लागलाच म्हणायचा.

चिरेबंदी

रत्नागिरीहून. आमच्याकडे विटा नाहीत, चिऱ्याचे वाफे, बाकी दुखणं उलटं. आमची लाल माती पाणी धरतच नाही, सकाळी घातलेलं दुपारी गायब, आणि एवढ्या पावसात चुना धुवून जाऊन माती आंबट होते ती वेगळीच. म्हणजे बघा, तुम्हाला आमची माती हवी आणि आम्हाला तुमची, मध्ये घाट आडवा.

पण मी आलोय अळ्यांसाठी. सगळी पांढरी अळी म्हणजे हुमणी, मुळं खाणारी अळी, नव्हे. शेणाच्या गायरीत गेंड्या भुंग्याची अळी असते, ती अंगठ्याएवढी जाड होते, कुजलेलंच खाते, मुळाच्या वाटेला जात नाही. तिचा भुंगा झाला की मात्र आमच्या माडाचा कोंब पोखरतो, म्हणून आम्ही तिला सोडत नाही. अजून एक जात आहे, ती फरशीवर ठेवली की उताणी होते आणि पाठीवर सरकत जाते, पाय वर. तीही कुजकं खाणारी, फुलांवर बसणाऱ्या भुंग्यांची. फरशीवर ठेवून बघ आणि मुळं बघ. मुळं कुरतडलेली असतील आणि अळी कुशीवर वळून पडून राहत असेल तर हुमणी समज. वेचून काढ, माती उन्हात पातळ पसर, कावळे साळुंक्या बाकीचं बघतील.

बिनकुंडीचा

फरशीवर सहा ठेवल्या. चार उताण्या होऊन चक्क निघाल्या फिरायला, दोन वेटोळं करून पडून. मुलगा शाळेतून आल्यापासून तिथून हलत नाहीये, त्यानं शर्यत लावलीय.

नर्मदाकाकू

सांगलीहून लिहिते आहे. वय सत्तर पूर्ण, शाळेत विज्ञान शिकवत होते, त्यामुळे लांबण लावते, सवय.

बाळा, माती विकत आणायच्या आधी एक लक्षात घे. वाफ्यात माती म्हणजे फक्त हाडं असतात. मांस कुजलेल्या पालापाचोळ्याचं. आमच्या भागात कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर, प्रयोग परिवारवाले, ते मूळचे गणिताचे प्राध्यापक आणि द्राक्षवाले शेतकरी त्यांचं ऐकायचे. त्यांच्यामुळे आम्हा बायकांनाही घरचा कचरा आणि उसाचं पाचट याकडे वेगळ्या नजरेनं बघायची सवय लागली. तेव्हापासून माझ्या परसात बाहेरून आलेली माती दर दहा पाट्यांत तीन, फार तर चार. बाकी सगळं घरचं कुजवलेलं.

आता खडीचं. @मीनल, खडी टाकू नकोस. ओला स्पंज जाळीवर ठेव आणि बघ, पाणी गळायचं थांबलं तरी स्पंजाचा खालचा भाग ओलाच राहतो. तसंच मातीचं. बारीक मातीतून जाड खडीत पाणी लगेच उतरत नाही, माती पुरती भिजून चिंब झाल्यावरच उतरतं. म्हणजे तू तळाला चार इंच खडी घातलीस तर तो चिंब थर चार इंच वर येतो, मुळांच्या जवळ, आणि मातीची जागा गेली ती गेलीच. निचरा मातीच्या पोतात असतो, खाली दगड ठेवून येत नाही. भोकं बुजू नयेत म्हणून त्यावर नारळाच्या शेंड्या किंवा जाळी पुरे.

स्लॅबवाला

खडी राहू दे बाजूला, @मीनल_कु थांबा जरा. बांधकामाचा माणूस आहे म्हणून बोलतोय.

८ बाय ३ बाय दीड म्हणजे ३६ घनफूट, साधारण एक घनमीटर. नेहमीची माती पावसात पूर्ण भिजली की घनमीटरला साडेसतराशे ते एकोणीसशे किलो धरा. म्हणजे तुमचा एक वाफा जवळपास पावणेदोन टन, विटा वेगळ्याच. जागा किती, तर सव्वादोन चौरस मीटर. म्हणजे चौरस मीटरला ८०० किलोच्या आसपास. लोक जिथे ये-जा करतात अशी गच्ची आपल्याकडे भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला १५० किलो वापरभार धरून डिझाइन करतात. हिशेब तुम्हीच करा.

गच्चीवर करायचंच असेल तर विटा विसरा, ग्रो बॅग घ्या, आठ इंचांच्या वर भरू नका, माती कमीत कमी आणि कोकोपीट कंपोस्ट जास्त. एवढं करूनही भिजल्यावर दीडशे दोनशेच्या घरात जातंच, म्हणून सलग लावू नका, बीमवर आणि भिंतीच्या कडेनं लावा, आणि बिल्डिंगच्या इंजिनिअरला दाखवल्याशिवाय नको. बॅगा विटांच्या तुकड्यांवर चार बोटं उचलून ठेवा म्हणजे खाली वॉटरप्रूफिंग दिसत राहील. लीकेज झालं की सोसायटीच्या मीटिंगमध्ये पहिलं नाव तुमचंच निघेल, मग गळती पाइपाची का असेना.

मीनल_कु

बापरे!! गवंड्याला उद्या यायला सांगितलं होतं. आत्ताच फोन करून थांबवते. त्याने एकदाही हे विचारलं नाही हो, फक्त विटा किती ते विचारलं.

जर्सीकर

न्यू जर्सीतून. इकडे रेझ्ड बेड म्हटलं की लोक दुकानातून पिशव्या आणतात, दोन बेड भरेपर्यंत खिसा रिकामा. मी तळाला लाकडं भरली, जर्मनीत जुनी पद्धत आहे ती, खाली ओंडके फांद्या, वर पानं, वर माती. लाकूड हळूहळू कुजतं, पाणी धरतं. पाच सहा इंच माती वाचते. पण दोन गोष्टी: एक, ओली ताजी लाकडं नकोत, वाळकी घ्या. दोन, इकडे गवताच्या पेंढ्यांमध्ये आणि घोड्याच्या लिदीत तणनाशक उरलेलं असू शकतं, गवत घोड्याच्या पोटातून जाऊनसुद्धा ते मरत नाही. माझ्या एका शेजाऱ्याचे टोमॅटो असे पिळवटून गेले, पानं नेच्यासारखी वळलेली. तेव्हापासून कुठलंही खत आलं की आधी ट्रेमध्ये पेरून बघायचं.

रानातला_राघू

लाकडं पुरा पण वाळवीचा विचार करा हो साहेब. तुमच्याकडं थंडीत बर्फ पडतंय, हिकडं घराला लागून लाकूड पुरलं की वाळवीला आमंत्रण, मग ती दाराच्या चौकटीपत्तर येती. भिंतीपासून लांब असंल तरच.

चिरेबंदी

आणि शेवग्याच्या फांद्या नको. मी सांगतोय कारण मी घातल्या. तोडलेल्या शेवग्याच्या मनगटाएवढ्या फांद्या तळाला टाकल्या, वर माती, वर वांगी. महिन्याभरात वांग्यांच्या मधून शेवगा वर. माझी आई अजून येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवते.

नर्मदाकाकू

पेरून बघण्याला अगदी +१. मेथी पेर. दोन ट्रे, एकात नवीन खत आणि जुन्या कुंडीतली माती निम्मी निम्मी, दुसऱ्यात नुसती जुनी माती. आठवड्यात कळतं. पहिल्या ट्रेमध्ये उगवण कमी किंवा टोकं जळालेली दिसली तर खत कच्चं आहे किंवा खारट आहे. दुसरी सोपी परीक्षा, मूठभर ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेव. उघडल्यावर पहिल्या पावसासारखा वास आला तर घे. नाकाला झोंबलं तर अजून महिनाभर मुरू दे.

शेणखत निदान सहा महिने मुरलेलं. ढिगात हात घातला आणि गरम लागलं की समजावं अजून चूल पेटलेली आहे.

बिनकुंडीचा

ओके, आता माझा हिशेब तपासा. दोन वाफे मिळून ७२ घनफूट, म्हणजे पाऊण ब्रासला थोडं कमी (ब्रास म्हणजे १०० घनफूट). लिटरमध्ये दोन हजारच्या वर. जुनी काळी माती हजार लिटर आहे, त्यातली निम्मीच वापरायची म्हणतोय. बाकी पोयटा माती, शेणखत, गांडूळखत, पालापाचोळा. कोकोपीट घालू का? नर्सरीवाला म्हणतो त्याशिवाय जमतच नाही.

स्लॅबवाला

नर्सरीवाल्याला ते विकायचंय :-) जमिनीवरच्या वाफ्याला वजनाची अडचण नाही, मग कोकोपीट कशाला. गच्चीवर गरज आहे.

चिरेबंदी

थोडं घाल, पण धुवून. पाच किलोची वीट भिजवलीस की सत्तर एक लिटर होते, त्यामुळे दोन तीन विटा खूप झाल्या. काथ्याच्या कारखान्यात नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवतात, ते मीठ तिच्यात राहतं. बारदानात भरून तीन वेळा पाणी घाल आणि निथळू दे, शेवटचं पाणी जिभेला लावून बघ. हसू नको, आम्ही तसंच बघतो.

रानातला_राघू

प्रमाणाचं असं. दहा पाट्यांत दोन पाट्या तुमची काळी माती, दोन पोयटा, तीन कुजलेलं शेणखत नि गांडूळखत मिळून, दोन अर्धवट कुजलेला पाचोळा, एक भाताचं तूस नाहीतर कोकोपीट. वर वाफ्यामागं किलो दीड किलो निंबोळी पेंड. पोयटा म्हंजे नदीकाठची, ओढ्याकाठची गाळाची माती, हातात घेतली तर पिठासारखी लागती. तळ्यातला गाळबी चालतो पण तो नुसता चिकणा निघाला तर तुमचं दुखणं तेच ऱ्हायलं. बरणी हाय की तुमच्याकडं, घ्यायच्या आधी चिमूटभर आणून बघा.

आन मिसळताना माती वाफशावर असू द्या. ओल्या काळ्या मातीत फावडं घातलं की तिची ढेकळं होतात ती मे महिन्यात दगड. मुठीत दाबा, लाडू झाला पाहिजे, आन अंगठ्यानं ढकलल्यावर फुटला पाहिजे. लाडू चिकटून ऱ्हायला तर दोन दिवस थांबा. ह्यो वाफसा सांभाळला तर निम्मं काम झालं.

पालकमंत्री_मेथी

जीवामृत कोणीच बोलेना? २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर बांधावरची माती. हे टाका, बाकीची खतं लागणारच नाहीत.

नर्मदाकाकू

नैसर्गिक शेतीवाल्या पाळेकर गुरुजींचं हे सूत्र एकरासाठी आहे रे, दोन वाफ्यांना दहा लिटर पुष्कळ. घालावं, मीही घालते, पण ते विरजण आहे. दूधच नसेल तर विरजण लावून दही कशाचं होणार? आधी वाफ्यात कुजणारं काहीतरी हवं.

बिनकुंडीचा

झालं. दोन रविवार गेले. सांगतो काय केलं ते.

जुनी माती ताडपत्रीवर आठ दिवस पसरली, साळुंक्यांनी मेजवानी केली. वाळूच्या चाळणीतून सगळी चाळली आणि पेन्सिल सापडली. चाळणीवर उरलेली ढेकळं वाफ्याच्या तळाला. त्यावर वाळक्या आंब्याच्या फांद्या हाताएवढ्या तोडून, फक्त लांबच्या वाफ्यात, भिंतीजवळच्यात नाही (राघू, ऐकलं बरं का). मग पाटीनं मोजून मिश्रण, राघूच्या प्रमाणानं, फक्त तूस मिळालं नाही आणि पाचोळा कमी पडला म्हणून रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडं आणली तीन पोती, फुकट दिली बिचाऱ्यानं. ती कुटून मिसळली. मेथीच्या ट्रेचा रिझल्ट चांगला, दोन्हीकडे सारखीच उगवली.

आमच्या हिनं शेवटची दोन घमेली स्वतः टाकली आणि म्हणाली, आता ह्यात कोथिंबीर आली नाही तर मी तुझ्या त्या फोरमवर येऊन बोलणार.

नर्मदाकाकू

चिपाडं कच्चीच मिसळलीस?

बिनकुंडीचा

हो… का?

नर्मदाकाकू

काही नाही. बघू. खालची पानं पिवळी पडायला लागली की सांग.

बिनकुंडीचा (ऑगस्ट)

काकू तुम्हाला साष्टांग. पडली. वांगी, मिरची, दोन्हीची खालची पानं पिवळी, वाढ खुंटलेली. मुसळधार पाऊस होऊन गेला, पाणी मात्र दोन तासांत उतरलं, ते दुखणं गेलं. पण हे काय आता? राघू म्हणेल लोह कमी, चुनखडीची माती.

रानातला_राघू

नाय म्हणणार. लोह कमी असलं तर वरची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या ऱ्हातात. तुमची खालची जून पानं पिवळी म्हंजे नत्र.

नर्मदाकाकू

चिपाडात कर्ब भरपूर आणि नत्र नावाला. ती कुजवायला जे जिवाणू लागतात त्यांना स्वतःला नत्र हवं असतं, ते मातीतलं उचलतात आणि तुझी मिरची उपाशी बसते. चिपाडं आधी महिना दोन महिने शेणाच्या काल्यात कुजवून घ्यायची असतात किंवा वरून आच्छादन म्हणून टाकायची, आत मिसळायची नाहीत. मी तेव्हाच बोलणार होते पण तू इतका खुशीत होतास.

आता घाबरू नकोस, माती उपसू नकोस. दर आठवड्याला शेणाचा पातळ काला किंवा ते जीवामृत, आणि शेंगदाण्याची पेंड रात्रभर भिजवून पाणी घालून. एका वाफ्यात चवळी टाक, ती स्वतःचं नत्र स्वतः मिळवते. दीड दोन महिन्यांत जिवाणूंचं पोट भरलं की उचललेलं परत देतील.

पालकमंत्री_मेथी

बघा, शेवटी जीवामृतच :-)

बिनकुंडीचा (ऑक्टोबर)

रिपोर्ट. पानं हिरवी झाली, मिरचीला फुलं धरली. चवळी तर दोरी ओलांडून शेजाऱ्यांच्या ग्रिलवर गेलीय. वाफे मात्र बसलेत, लाकडंवाला पाच इंच, दुसरा तीन. वर काय घालू? उरलेली काळी माती ढिगात तशीच आहे, आत्ता वाफशावर आहे, मूठ दाबून बघितली.

रानातला_राघू

नुसती काळी नको. एक पाटी ती, दोन पाट्या शेणखत. वरून पाचोळा चार बोटं.

मीनल_कु

मी आठ इंची ग्रो बॅगा लावल्या, बीमवर, इंजिनिअर काकांना दाखवून. सहाच लावायला मिळाल्या. पालक आणि मुळा आलाय. @बिनकुंडीचा कोथिंबिरीचं काय झालं?

बिनकुंडीचा

कोथिंबीर नाही आली. हिला अजून धाग्याची लिंक दिलेली नाही.